गार खोलीची पंचाईत

नानांची गच्चीवरची खोली उन्हाळ्यात इतकी तापायची, की दुपार झाली की तिथली पालसुद्धा जिना उतरून खाली स्वयंपाकघरात येऊन बसायची. हे अर्थात नानांचं म्हणणं. पालीला जिना उतरताना प्रत्यक्ष कोणी पाहिलं नव्हतं. पण नाना ते इतक्या वेळा आणि इतक्या कळवळून सांगत, की घरातल्या प्रत्येकाला आपण ती तिसऱ्या पायरीवर पाहिली होती असं वाटायला लागलं होतं.

"वर नका येऊ रे कोणी," नाना म्हणत. "भाजून निघाल. मी आपला काढतो कशीबशी दुपार."

आणि जेवण झालं की खांद्यावर टॉवेल टाकून, शिक्षा भोगायला निघालेल्या माणसाच्या चेहऱ्याने ते जिना चढत. वर जाऊन आतून कडी घालत. अंगातलं बनियन काढून खुंटीला लावत, बादलीभर पाण्यात पाय सोडून खुर्चीत बसत, आणि तिथून त्यांच्या दिवसातला सगळ्यात सुखाचा काळ सुरू होई.

खोली तापायची हे खोटं नव्हतं. वर पत्रा होता आणि तापणं हे पत्र्याचं कामच आहे. पण नानांना त्या उकाड्याचं काही वाटत नसे, कारण त्याच्याइतका चोख पहारेकरी त्यांना दुसरा मिळाला नसता.

नानांची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात, तक्रारीच्या खिडकीमागे गेली होती. त्या खिडकीशी आनंदाने कोणी येत नसे. कोणाच्या नळाला पाणी नाही, कोणाच्या नळाला आहे पण गढूळ, कोणाला स्वच्छ येतं पण शेजाऱ्याला जास्त येतं. नाना सगळ्यांना एकच उत्तर देत, "बघतो, साहेब." बाई असली तर, "बघतो, बाई." तक्रारदाराला उलट बोलायचं नाही असा खात्याचा नियम होता आणि नाना नियमाचे पक्के. पण म्हणून उत्तरं सुचायची थांबतात थोडीच? एकापेक्षा एक झणझणीत उत्तरं सुचत, आणि नाना ती चहाबरोबर गिळत.

निवृत्त झाल्यावर नाना ती उत्तरं देत होते. एकेकाला, सवडीने, त्या बंद खोलीत, मोठ्याने आणि हातवारे करून.

"मुख्याध्यापकबाई, माझ्या टेबलावर बाटली आपटलीत. आपटा. टेबल सरकारी आहे. पण ह्या गढूळ पाण्यात चहाची पावडर कुठून आली ते आधी सांगा! आमच्या टाकीत चहा उकळतात का?"

मुख्याध्यापकबाई निरुत्तर होत. नाना बादलीत पाय हलवत आणि पुढच्याला बोलावत.

आता हे काही चारचौघांत करण्यासारखं काम नाही. बायकोने ऐकलं असतं तर तिने डॉक्टर बोलावला असता. मुलाने ऐकलं असतं तर त्याने हळू आवाजात "नाना, काही त्रास होतोय का?" असं विचारलं असतं, आणि ते डॉक्टरपेक्षा वाईट. सूनबाईंनी मोबाइलवर चित्रण केलं असतं. म्हणून नानांना ती खोली हवी होती, आणि ती तापलेलीच हवी होती.

असं सगळं छान चाललेलं असताना धाकट्या लेकीचं लग्न झालं आणि घरात जावई आला.

जावई गुणी होता. हाच सगळा घोटाळा. तो एका संस्थेत नोकरीला होता आणि त्या संस्थेचं काम एवढंच, की लोकांच्या घरांची छपरं पांढरी करायची. पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा नानांनी सवयीप्रमाणे पालीची गोष्ट सांगितली. घरचे सगळे मान खाली घालून जेवत राहिले. जावयाने मात्र हातातला घास ताटात ठेवला.

"नाना, तुम्ही रोज दुपारी त्या खोलीत बसता?"

"बसतो आपला," नाना म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाचं काय. कोणाला सांगायचं?"

"मला सांगायचंत," जावई म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी तरळल्यासारखं दिसलं. नानांना वाटलं, भाजीत मिरची जास्त झाली असेल.

पुढच्या सुट्टीला जावई हजर. बरोबर पांढऱ्या रंगाचे डबे, लांब दांडीचा रोलर, तारेचा ब्रश. मुलाने शिडी धरली, सूनबाईंनी चहा वर पाठवला, नानी खालून "जपून हो, जपून" असं ओरडत राहिल्या. जावई स्वतः पत्र्यावर चढला. नाना गच्चीत उभे राहून आपल्या राज्यावर चाललेलं हे आक्रमण बघत होते. जावयाच्या कामाला नको म्हणायची सोय नव्हती, त्यामुळे त्यांनी अडचणी काढायला सुरुवात केली.

"पण पांढऱ्याने होणार काय?"

"ऊन परत जाईल, नाना. गडद पत्रा ऊन पितो आणि तापतो. पांढरा घेतच नाही. आलं तसं बरंचसं परत पाठवतो."

"परत म्हणजे कुठे?"

"वर."

"वर कुठे?"

"आकाशात. त्याच्याही पलीकडे. थेट अवकाशात."

"आणि तिकडे ज्यांच्या अंगावर पडेल ते काय म्हणतील?" नानांचा पिंडच तक्रार खिडकीचा.

जावई हसला. "तिकडे कोणी नाही, नाना."

कोणीही नसलेली जागा, आणि तिथे जायचं ते उन्हाने. नानांना उन्हाचा हेवा वाटला.

"आणि सगळ्यांनी अशी छपरं केली ना," जावई रोलर फिरवत म्हणाला, "तर नुसती घरं नाही, गावं गार होतील. पृथ्वीलाही थोडा हातभार लागेल."

"आपल्या पत्र्याने?"

"आपल्या पत्र्यापासून सुरुवात."

नानांनी वर पाहिलं, मग पत्र्याकडे पाहिलं, आणि ह्या दोघांचा काही संबंध असेल हे त्यांना कितीही प्रयत्न केला तरी पटेना. एवढा मोठा सूर्य. तो ह्या पत्र्याला विचारतो कशाला? पण जावई शिकलेला होता, आणि शिवाय पत्र्यावर होता. रंग काही लागू पडणार नाही असा त्यांचा हिशेब होता.

रंग लागू पडला.

पहिल्या दुपारी नाना कडी घालून, बनियन काढून, बादलीत पाय सोडून बसले आणि उकाड्याची वाट पाहू लागले. उकाडा येईना. त्यांना आधी वाटलं, आभाळ आलं असेल. खिडकीतून पाहिलं तर बाहेर ऊन मी म्हणत होतं. मग वाटलं, आपल्याला ताप असेल म्हणून थंडी वाजतेय. कपाळाला हात लावला, कपाळ नेहमीचं. चारी खिडक्यांतून वारा येत होता, आणि पूर्वी जो पत्र्याखाली येता येता वाफ व्हायचा तो आता वाऱ्यासारखाच लागत होता. नानांनी गुपचूप बनियन घातलं आणि त्या दिवशीच्या तक्रारदाराला, एका कंत्राटदाराला, मनातल्या खिडकीशी बोलावलं. कंत्राटदाराला द्यायचं उत्तर अर्ध्यावर आलं होतं, तेवढ्यात कडी वाजली.

दारात नानी. काखेत उशी.

"अहो, बघू तरी जावयांनी काय केलंय. अगंबाई! हे तर महाबळं... " नानी थांबल्या, कारण त्यांना कुठल्याच थंड गावाचं नाव धड आठवेना. "हे तर फारच गार आहे!" आणि त्या नानांच्या खाटेवर आडव्या झाल्या. दोन श्वासांत घोरायलाही लागल्या.

दुसऱ्या दिवशी सूनबाई लॅपटॉप घेऊन आल्या. "नाना, मी कोपऱ्यात बसते हं. माझी मीटिंग आहे, तुम्ही फक्त बोलू नका." तिसऱ्या दिवशी मुलगा. नात आधी पुस्तकं घेऊन आली, मग मैत्रिणी घेऊन. खाली खोल्यांवर उघडी स्लॅब होती, ती दिवसभर तापून बसायची. ते सगळे ह्याच घरात राहत होते, पण इतकी वर्षं वरच्या खोलीपेक्षा खाली बरं असं समजून खाली सुखी होते. आता वर पाल नव्हती, भाजणं नव्हतं. आठवडा सरायच्या आत टीव्हीसुद्धा जिना चढून वर आला.

नानांनी एक शहाणपणा केला. सगळे वर आहेत, म्हणजे खाली सामसूम. ते हळूच उतरले, रिकाम्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "हं, बोला, सोसायटीचे चिटणीस."

जिन्यात पावलं वाजली. "अहो, तुम्ही इथे? ह्या उकाड्यात?" नानी धापा टाकत आल्या होत्या. मागून मुलगा. त्याच्या मागून सूनबाई, कानात मीटिंग घेऊन. "नाना, जावयांनी एवढं तुमच्यासाठी केलं आणि तुम्ही खाली उकडत बसलाय? त्यांना काय वाटेल?"

नानांना सन्मानाने वर नेण्यात आलं. ज्याच्यासाठी मांडव घातला त्याला मांडवातून पळून कसं जाऊ देणार?

मग नाना विचार करायला लागले. जावई जाताना एक गोष्ट बजावून गेला होता. पांढरा पत्रा धुळीने मळला की काम कमी करतो, अधूनमधून धुवायला हवा. हे काम नानांनी मोठ्या मनाने स्वतःकडे घेतलं होतं. आता त्यांनी ते तितक्याच मोठ्या मनाने सोडलं. धूळ आपोआप बसते, पण फार आळशीपणाने बसते. म्हणून एके सकाळी नाना शिडीवर चढले आणि घरातली सगळी पायपुसणी पत्र्यावर आपटून आपटून झाडली.

"बघा, ह्या वयात पत्रा झाडतायत," नानी खालून शेजारच्या शिवणवाल्या काकूंना कौतुकाने सांगत होत्या. "जावयाचं मन किती राखतात!"

पत्रा हळूहळू तपकिरी व्हायला लागला. खोली पुन्हा थोडी थोडी तापायला लागली. टीव्हीला आधी वैताग आला, म्हणजे टीव्ही बघणाऱ्यांना. मैत्रिणी गेल्या. सूनबाईंची मीटिंग खाली गेली. नानांच्या मनात आशा पालवली. आणि नेमका त्याच सुमाराला जावई आला. बायकोला माहेरी सोडायचं निमित्त, पण त्याने आधी गच्ची गाठली.

त्याने शिडीवर चढून पत्र्यावरची धूळ बोटाने उचलून पाहिली. मग नानांकडे वळला.

"नाना, ह्या धुळीवर पायपुसण्यांचे धागे आहेत."

"वारा असतो," नाना म्हणाले.

"नाना, मला खरं सांगा. तुम्हाला खोली गार नकोय का?"

इतकं सरळ आजवर नानांना कोणी विचारलं नव्हतं. खिडकीशी येणाऱ्यांना उत्तर हवं असायचं, पण प्रश्न असा कधी नसायचा. नाना गोंधळले. खरं सांगावं तर जावई म्हणेल, मुलगी कुठल्या घरातून आणली. खोटं सांगावं तर काय सांगावं? आणि गोंधळलेल्या माणसाच्या तोंडून जे निघतं तेच निघालं.

"मी एकटाच गारव्यात बसायचं आणि खाली सगळ्यांनी उकडायचं, हे बरं दिसत नाही हो."

वाक्य बाहेर पडल्यावर नानांनी ते स्वतःच पुन्हा एकदा ऐकलं. आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खालच्या खोल्यांवरची स्लॅबही, म्हणजे ही गच्चीच, पांढरी केली, तर खाली गार होईल. खाली गार झालं तर वर येईल कोण?

जावयाच्या डोळ्यांत पुन्हा पाणी तरळलं आणि त्याने नानांचे पाय धरले. ह्या वेळी भाजीत मिरचीचा प्रश्नच नव्हता, कारण जेवण अजून व्हायचं होतं.

गच्ची पांढरी झाली. दोरीवरच्या कपड्यांखाली इतका उजेड पसरला की नानी काळा चष्मा लावून कपडे वाळत घालू लागल्या आणि शेजारच्यांना ओळखू येईनाशा झाल्या. खालच्या खोल्या निवल्या. टीव्ही उतरला, सूनबाई उतरल्या, नानींची उशी उतरली. नाना वर गेले, कडी घातली, बादली भरली.

"हं. कंत्राटदार. कुठे होतो आपण?"

खालून घर्रर्र असा आवाज आला.

शिवणवाल्या काकू शिलाई मशीन घेऊन नानांच्या बैठकीत येऊन बसल्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या घरात छपराखाली सुई हातात धरवेना, घामाने निसटायची. नानीच म्हणाल्या होत्या, "अहो या की आमच्याकडे, आमच्याकडे आता गार असतं." मशीनपाठोपाठ गिऱ्हाइकं आली. गिऱ्हाइकांबरोबर त्यांच्या आवाजाच्या पट्ट्या आल्या. "बाही लांब झाली!" "गळा लहान झाला!" नाना वर खुर्चीत दचकून बसत. ह्या तक्रारी होत्या. खऱ्या, चालत आलेल्या, आणि त्यांच्या घरात.

त्यांनी जावयाला फोन लावला.

"शिवणवाल्या काकूंचं छप्पर," नाना म्हणाले.

"नाना," जावई म्हणाला, आणि फोनवर नाक शिंकरल्याचा आवाज आला.

काकूंचं छप्पर पांढरं झालं, मशीन घरी गेलं. मग काकूंच्या पलीकडच्या शिकवणीवाल्या बाई आपला वर्ग घेऊन काकूंकडे बसायला लागल्या आणि पाढ्यांचा गजर भिंतीपलीकडून नानांपर्यंत पोचायला लागला. नानांनी फोन लावला. मग शिकवणीवाल्या बाईंकडे समोरचे न्हावीदादा खुर्चीसकट आले. फोन. मग न्हावीदादांकडे सगळी गल्ली. नानांनी आता फोनवर नमस्कार करणंही सोडलं होतं. नुसतं घर सांगत.

एके दिवशी एक पत्रकार मुलगी आली. गल्लीत शिरताना तिने डोळ्यांवर हात धरला, कारण ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी छपरं पांढरी धोप दिसत होती.

"आजोबा, ही सगळी मोहीम तुमची, असं सगळे सांगतात. जावई म्हणाले, तुम्हाला दुसऱ्याचा उकाडा बघवत नाही. ह्यामागची प्रेरणा काय?"

नाना दमले होते. त्यांनी सरळ सांगून टाकलं. "मला एकट्याला बसायचं होतं."

तिने मान डोलावली आणि लिहून घेतलं. छापून आलं ते असं: एकांतातल्या चिंतनातून ह्या ज्येष्ठ नागरिकाला वसुंधरेच्या दाहाची जाणीव झाली. नानांनी ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. हा माणूस कोण, ते त्यांना कळेना. पण माणूस बरा वाटत होता.

त्यानंतर मात्र गल्ली शांत झाली. जो तो आपापल्या घरी, आपापल्या गारव्यात. दुपारी रस्त्यावर कुत्रं नाही, जिन्यात पाऊल नाही. नानांनी कडी घातली, पण आता तिची गरजच नव्हती म्हणून पुन्हा काढली. खुर्चीत बसले. पाणी पायांना गार लागलं म्हणून बादली बाजूला ठेवली. घसा खाकरला.

"हं. तो मनुष्य. ज्याच्या नळाला तो घरी नसतानाच पाणी यायचं. या. उभे राहा समोर. अहो, तुम्ही घरी नसता ह्याला खातं काय करणार? तुमच्या साहेबाला सांगा रजा द्यायला! पाण्याने काय तुमची वाट बघत नळात थांबायचं?"

"पण त्याचं काय चुकलं?"

नाना खुर्चीतून उडाले. दारात नानी उभ्या होत्या.

"तू... खाली गार नाहीये का?"

"आहे की. छान गार आहे."

"लाइट गेले?"

"नाही."

"मग वर कशाला आलीस?"

नानींनी खरोखर विचार केला. "सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "आधी तापायचं म्हणून येता येत नव्हतं. मग सगळेच यायचे, त्यात मी आले. आता कोणी येत नाही, तर म्हटलं यावं." आणि त्या खाटेच्या कडेला बसल्या.

नळाच्या तक्रारींचं गणित नानांना येत होतं. उन्हाचंही आता थोडंफार यायला लागलं होतं. पण जिला वर यायचं काही कारण उरलेलं नाही ती वर का आली, हे त्यांना कुठल्याच बाजूने सुटेना. तिने डॉक्टरांचं नाव काढलं नाही. ती हसलीही नाही.

"तू किती ऐकलंस?"

"त्या माणसाचं ऐकलं. तो कामाला जातो, त्याची बायकोही जात असेल. पाणी यायचं ते दुपारी. भरणार कोण? त्याने तुम्हाला नाही सांगायचं तर कोणाला सांगायचं?"

"मी नळ सोडत नव्हतो! माझ्याकडे फक्त खिडकी होती!"

"पण त्याला ते कसं कळणार? त्याला तर खिडकीत तुम्हीच दिसत होता."

नानांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. खिडकीशी उभ्या राहणाऱ्या प्रत्येकासाठी त्यांच्याकडे काही ना काही होतं. ह्याला मात्र काय म्हणावं ते सुचेना. "बघतो, बाई," एवढंच ओठांवर आलं, ते त्यांनी मागे घेतलं.

"थांब," ते म्हणाले. "तू त्याच्या बाजूने बोलतेयस ना? मग नीट बोल. मुद्द्याला धरून. मी असा सोडणार नाही."

आणि त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली.